सांगून ओतलेलं पाणी

मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नवी गाडी घेतली त्या दिवशी मी तिच्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं होतं. ओवाळून झालं होतं, आता फक्त गाडी पुढे घ्यायची. तेवढ्यात समोरच्या घरातून निळी डांगरी घातलेले एक वयस्कर गृहस्थ रस्ता ओलांडून आले, वाकून त्यांनी एकेक करत चारही लिंबं उचलली आणि खिशात टाकली. "बांगडे आणलेत," ते म्हणाले, "त्यांना लागतील. संध्याकाळी जेवायला या." एवढं बोलून ते परत गेले.

साउथहॅम्प्टनला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. समोर मराठी माणूस राहतो हा शोध आम्हाला असा लागला. मी ताट हातात धरून तशीच उभी. परक्या देशात पहिली गाडी, आणि तिला अपशकुन करायला नेमका आपलाच माणूस यावा, या विचाराने मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मिलिंद हसत होता, त्यामुळे त्याचाही राग आला. संध्याकाळी तरी गेलो. बांगडे इतके सुरेख झाले होते, की त्यांच्यावर पिळलेलं लिंबू आपलंच आहे हे मी दुसऱ्या बांगड्यापर्यंत विसरले.

मयेकरकाका मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातले. सतराव्या वर्षी घर सोडून मुंबईला आले, बोटीवर इंजिनरूममध्ये लागले आणि जगभर फिरून साउथहॅम्प्टनला उतरले ते कायमचे. पुढे गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यातच त्यांची सगळी नोकरी झाली. शहराच्या शर्ली भागातलं हे घर त्यांनी घेतलं तेव्हा त्यात धड नळही नव्हते. प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर, जिन्याचा कठडासुद्धा त्यांनी स्वतः बसवलेला. बोलता बोलता भिंतीवर पंजा टेकायचे आणि सांगायचे, इथून गरम पाण्याची लाइन जाते, हात लावून बघ. मी हात लावायची. भिंत खरंच कोमट असायची.

आमची ओळख झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांची बायको, इंदूकाकू, गेल्या. एकुलती मुलगी शर्मिला इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी, एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत नोकरी करणारी. बाबांनी आता आपल्याजवळ येऊन राहावं म्हणून ती मागे लागली. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर वृद्धांसाठी एक चांगलं केअर होम होतं, त्याची माहितीपत्रकंसुद्धा तिने पाठवली. काकांचं म्हणणं एकच. एडिनबराला पाहुणा म्हणून येईन, पण मरायचं ते याच घरात. या एका हट्टापायी त्यांनी लेकीशी वर्षानुवर्षं वाद घातला, आणि शेवटी तो हट्ट अडकला कशावर, तर सिंकमध्ये ओतायच्या भांडंभर गरम पाण्यावर. ते सगळं सांगायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

काकांचा कशावरही विश्वास नव्हता. देव नाही, दैव नाही, दृष्ट नाही, होमिओपॅथी नाही, बीबीसीचा हवामानाचा अंदाजही नाही. कुणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न, "पुरावा?" आमची मुलगी ईशा त्यांना पुरावाकाका म्हणायची आणि ते ओ द्यायचे. ईशा चार वर्षांची असताना एकदा तापली, तेव्हा पुण्याहून माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायला लावली. मी मुठी ओवाळतेय तोच काका थर्मामीटर घेऊन दारात. आईला फोनवरूनच म्हणाले, "चालू द्या तुमचं, मी दुसऱ्या बाजूने ताप मोजतो." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला ते कधी हात जोडत नसत. मात्र गणपतीमागची सगळी रोषणाई त्यांची असायची, आणि एक दिवा जरी लुकलुकला तरी भर आरतीत ते मखराच्या मागून स्क्रूड्रायव्हर घेऊन रांगत बाहेर यायचे. मोदक सगळ्यांच्या आधी खायचे. तो प्रसाद नाही, नाश्ता आहे, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

अशा माणसाला घेऊन आम्ही मोरोक्कोला गेलो. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं, काका घरात नको इतके गप्प राहायला लागले होते, आणि ऑक्टोबरमधल्या शाळेच्या सुट्टीत आमचं फेझला जायचं ठरत होतं. तुम्हीही चला म्हटलं. तिथल्या बंदरात आपली बोट कधी लागली नाही, एवढ्या कारणावर ते तयार झाले. फेझला बंदर नाही, ते समुद्रापासून पुष्कळ आत आहे, हे त्यांना मी विमानात बसल्यावर सांगितलं.

जुन्या शहरात गाढवं जेमतेम जातील अशा एका गल्लीत आमचा मुक्काम होता. बाहेरून नुसती भिंत आणि एक बुटकं दार. आत गेलं की फरशांच्या नक्षीचा चौक, मधोमध लिंबाचं झाड आणि झाडाशेजारी पाणी जायला पितळी जाळी. घर झोहराबाईंचं. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांना अरबी आणि थोडं फ्रेंच यायचं, आम्हाला दोन्ही नाही. मधे दुभाषी त्यांची मुलगी नादिया. ती कॉलेजात इंग्रजीच शिकत होती. काकांनी स्वतःची छोटी इलेक्ट्रिक किटली आणली होती, कारण दुसऱ्याने केलेल्या चहावरही त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला चहा केला आणि उरलेलं उकळतं पाणी चौकातल्या जाळीत ओतून दिलं.

झोहराबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. तोंडावर हात, आणि 'बिस्मिल्ला, बिस्मिल्ला' चाललेलं. आत जाऊन त्यांनी वाटीभर दूध आणलं आणि जाळीवर शिंपडलं. आम्हाला वाटलं कुणाला तरी भाजलं. काका वाकून आपल्या पायांकडे बघत होते. मग नादियाने शांतपणे समजावलं, की जमिनीखाली, मोऱ्यांमध्ये, नळ्यांमध्ये 'ते' राहतात. जिन्न म्हणायचं नाही, नाव घेतलं तर त्यांना आवडत नाही. घरातले लोक त्यांना जागेचे मालक म्हणतात. त्यांचीही घरं असतात, मुलंबाळं असतात. देवाचं नाव न घेता, न सांगता गरम पाणी ओतलं, तर ते भाजतात आणि मग माणसाला धरतात.

"आमच्याकडे जागेवाले म्हणतात," काका मला मराठीत म्हणाले. त्यांच्या आवाजात चीड होती. हजारो मैल प्रवास करून आपल्याच गावात येऊन पोचलो, अशी ती चीड असावी. मग त्यांनी नादियाला इंग्रजीत आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ऐकतील तर काका कसले. नादियाने प्रश्न आईला सांगितला. झोहराबाईंनी मुलीचा हात धरला आणि बराच वेळ बोलल्या. 

"आई म्हणते," ती शेवटी म्हणाली, "पुरावा मी आहे."

नादियाला सातव्या वर्षापासून झटके यायचे. पहिला झटका आला त्या दिवशी सकाळी झोहराबाई कशावरून तरी नवऱ्यावर चिडल्या होत्या, आणि त्या रागात त्यांनी कुसकुस, म्हणजे तिथला जाडा रवा, शिजवायचं उकळतं पाणी याच जाळीत काही न बोलता फेकलं होतं. हे सगळं ती मुलगी स्वतःबद्दल, स्वतःच आमच्यासाठी इंग्रजीत सांगत होती, जणू वर्गात धडा वाचते आहे. काकांचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? तो प्रश्न नव्हता, दटावणी होती. नादिया उठली, आतून औषधांचा डबा घेऊन आली. इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, एकही न चुकवता. तीन वर्षांत झटका आलेला नाही. काकांनी चष्मा लावून प्रत्येक पाकीट उलटून पाहिलं, तारखासुद्धा तपासल्या.

"मग हे दूध कशाला?" त्यांनी विचारलं.

झोहराबाईंचं उत्तर छोटं होतं. नादियाने ते तसंच सांगितलं. "गोळ्या तिच्यासाठी आहेत. हे माझ्यासाठी."

काका त्या दिवशी आमच्याबरोबर बाजारात आले नाहीत. दुपारी परतलो तर गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत एकटेच बसले होते. मी शेजारी बसल्यावर, न विचारता, बोलले. त्यांना तारा नावाची धाकटी बहीण होती आणि तिलाही असेच झटके यायचे. त्यांचे वडील गावासाठी गाऱ्हाणं घालायचे. कोकणात देवाकडे किंवा जागेवाल्याकडे मोठ्याने मागणं मागतात ते गाऱ्हाणं. एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. वडिलांनी तारासाठी चार वर्षं गाऱ्हाणी घातली. सावंतवाडीला डॉक्टर होता, त्याच्याकडे नेलं नाही. विहिरीवर पाणी काढताना तिला झटका आला. तिचं तेरावं झालं आणि काकांनी घर सोडलं. वडिलांशी नंतर एक शब्दही बोलले नाहीत, वडील वारले तेव्हाही गावी गेले नाहीत.

"त्याने डॉक्टरकडे नेलं असतं आणि वर गाऱ्हाणं घातलं असतं," ते म्हणाले, "तर मी त्याच्या मागे उभा राहून व्हय म्हाराजा म्हटलं असतं गो." इतके दिवस ज्या माणसाच्या अविश्वासाची आम्ही थट्टा करत होतो, त्याच्या तळाशी एक मुलगी होती.

चहाच्या वेळेला ते खाली आले आणि म्हणाले, "गाऱ्हाण्याला मागे माणसं लागतात. तुम्ही तिघं आहात ना?" आम्ही तिघं जाळीपाशी ओळीने उभे राहिलो. झोहराबाई आणि नादिया लिंबाच्या झाडाखाली. काकांनी डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले नाहीत, नुसते समोर धरले, आणि त्यांच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या आवाजात सुरुवात केली.

"तर हे जागेवाल्या म्हाराजा, ह्या बायच्या दारात उभो रवान गाऱ्हाणा घालतंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. ईशाचा आवाज सगळ्यात मोठा.

"माज्या हातसून नकळत चूक झाली, ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या चेडवाक सुखी ठेव. तेचा औषध तेका लागू पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि हेच्या फुडे आगाऊ सांगल्याशिवाय गरम पाणी वतूचंय नाय रे म्हाराजा."

झोहराबाईंना एक अक्षर कळलं नसेल, पण प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला त्या 'आमीन' म्हणत होत्या. संपल्यावर त्यांनी नादियाकरवी विचारलं, शेवटी काय म्हणाले? न सांगता पुन्हा पाणी ओतणार नाही असं कबूल केलं, असं काकांनी स्वतः सांगितलं. देवाचं नाव मात्र घेणार नाही, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. झोहराबाईंनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. नाव न घेता नुसतं सांगितलं तरी चालेल. भाषा कुठलीही चालते, त्यांना सगळ्या येतात.

त्या दिवसापासून मयेकरकाकांनी न सांगता गरम पाणी ओतलं नाही. भाताची पेज असो, अंडी उकडलेलं पाणी असो, पिशवीतलं शेकाचं पाणी असो, सिंकपाशी थांबून म्हणणार, "बाजूक सरा रे, गरम पाणी वततंय." मग एक श्वासभर थांबायचं आणि ओतायचं. आमच्या स्वयंपाकघरातही तेच. मला गंमत वाटायची. एकदा विचारलंच, काका, आता मानायला लागलात की काय? ते चिडले. जहाजावर बॉयलरचं पाणी सोडताना खाली कुणी नाही हे दहा वेळा बघितलेलं असलं, तरी हाक दिल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा नियम असतो. ती हाक तपासणी नसते, शिस्त असते. "आणि मी त्या बाईला कबूल केलंय," ते म्हणाले. "ती काय इथे बघायला येणार आहे? म्हणून तर पाळायचं."

गेल्याच्या गेल्या जानेवारीत बागेत दव गोठलेलं असताना काका घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. भुलीचा अंमल उतरेपर्यंत दोन दिवस मात्र ते नर्सला थर्ड इंजिनिअर म्हणत होते आणि तेल कुठे गळतंय ते बघून यायला सांगत होते. या वयात असं होतं, जाईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते गेलंही. पण कागदावर उतरलेलं जात नाही. तीन आठवड्यांनी त्यांना शहराच्या कडेला एका छोट्या हॉस्पिटलच्या वॉर्डात हलवलं. घरी एकट्याला सोडायचं की नाही, हे ठरवायचं ते तिथे. ठरवण्याची पद्धत इथे साधी असते. वॉर्डातच छोटं स्वयंपाकघर असतं. हॅना नावाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट वही घेऊन उभी राहते, आणि पेशंटने तिच्यासमोर चहा करून दाखवायचा. पडला नाही, भाजला नाही, गॅस चालू ठेवला नाही, तर पास.

काकांनी वॉकर धरून चहा केला. हॅनाला कपात दिला. मग किटलीत उरलेलं पाणी ओतायला सिंकपाशी गेले, थांबले आणि म्हणाले, "बाजूक सरा रे, गरम पाणी वततंय."

हॅनाने विचारलं, कुणाशी बोलताय? या माणसाला खोटं कधीच बोलता आलं नाही. म्हणाले, खाली पाइपात राहणाऱ्यांशी. हॅनाने वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर आला. काकांनी त्याला बॉयलर, व्हॉल्व्ह आणि हाक, सगळा नियम नीट समजावून दिला. डॉक्टरने लिहिलं, पेशंटला आपण जहाजावर आहोत असं वाटत असावं. थर्ड इंजिनिअरची नोंद आधीच्या पानावर होतीच.

शर्मिलाचा मला फोन आला तेव्हा ती रडत होती. मी तिला दोष देत नाही. फोन वाजला की काय ऐकावं लागेल, याची तिला सतत धास्ती असायची. केअर होममध्ये खोली रिकामी होती, त्यांनी आठवडाअखेर कळवायला सांगितलं होतं. आता बाबांना भास होतात असं डॉक्टरच म्हणतात, तर अजून कशाची वाट बघायची?

मी हॅनाला जाऊन भेटले. बाई चांगली होती, समजून घेणारी होती. मी तिला सांगितलं, हा आजार नाही, ही आमच्याकडची समजूत आहे, कल्चरल बिलीफ. तिचा चेहरा एकदम उजळला. मग काहीच प्रश्न नाही, ती म्हणाली, आपण तसं लिहू, पेशंटची धार्मिक श्रद्धा आहे. फक्त त्यांनी तसं म्हणायला हवं. मी उड्या मारत काकांच्या खाटेपाशी गेले. एक वाक्य, काका. तेवढं बोलला की घरी.

"मी मानतो असं लिहून द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"फक्त फॉर्मवर, काका."

"नाही."

मी विनवण्या केल्या, चिडले, शेवटी म्हटलं, "घरी जायचंय ना तुम्हाला?" त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. घरी जायचं होतं. त्या माणसाला दुसरं काहीही नको होतं. पण ज्या श्रद्धेने बहीण गेली असं ते आयुष्यभर मानत आले, ती आपली म्हणून सही करायला त्यांचा हात तयार नव्हता. बरं, श्रद्धा नाही तर मग बोलता का, याचं त्यांच्याकडे दिलेल्या शब्दाखेरीज उत्तर नव्हतं, आणि फॉर्मवर तसला रकाना नव्हता. माझा अगदी जीव मेटाकुटीला आला. हॅनाने तरीही एक संधी आणखी दिली. शुक्रवारी दुपारी पुन्हा एकदा, या वेळी अंडी उकडायची, आणि मुलीने हजर राहायचं.

शुक्रवारी सकाळी शर्मिला एडिनबराहून आली. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसलो. तिने वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, प्लीज, फक्त पाच मिनिट गप्प राहा." त्यांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. मी तिला फेझची सगळी गोष्ट सांगितली. जाळी, दूध, नादियाच्या गोळ्या, तारा, गाऱ्हाणं. तारा नावाची आपली आत्या होती हेच तिला माहीत नव्हतं. तिची कॉफी पार थंड झाली.

"दर रविवारी फोन स्पीकरवर असतो," ती म्हणाली. "मागे मला ऐकू यायचा, सरा, सरा. मला वाटायचं ते आईशी बोलतात. आई गेल्यापासून त्यांचं डोकं... मी कधी विचारलीच नाही."

दुपारी आम्ही दोघी त्या छोट्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलो. काकांनी पातेल्यात पाणी मोजून घेतलं, दोन अंडी चमच्याने अलगद सोडली, घड्याळ लावलं. शेगडी बंद केली आणि बंद केल्याचं बोट ठेवून दाखवलं. सगळं बिनचूक. आता पाणी ओतायचं. ते डाव्या हाताने ओट्याची कड धरून दोन पावलं सरकले, पातेलं उजव्या हातात, आणि सिंकपाशी येऊन थांबले. ओठ मिटलेले होते. वाफ चष्म्यावर चढत होती. हॅना बघत होती, वही उघडी होती. बोलले तर घर गेलं. न बोलता ओतलं तर झोहराबाईंना दिलेला शब्द गेला. ते ओततही नव्हते आणि बोलतही नव्हते. वजनाने पातेलं कलायला लागलं, मला वाटलं आता ते पडणार.

"बाबा, थांबा," शर्मिला म्हणाली. "मी सांगते."

ती पुढे गेली, सिंकवर वाकली आणि तिच्या त्या तुटक्या मराठीत म्हणाली, "बाजूला व्हा जरा. गरम पाणी येतो आहे." मग सरळ झाली आणि वडिलांना म्हणाली, "आता ओता."

काकांनी पाणी ओतलं.

हॅनाने विचारलं, तुम्ही काय म्हणालात? शर्मिलाने तिला इंग्रजीत सांगितलं, की मी त्यांना सरकायला सांगितलं. यात आजार नाही आणि धर्मही नाही, ही आमच्या घरची रीत आहे, आणि मी एरवी नाही पाळत, पण बाबा पाळतात. हॅना जरा गोंधळली. 'त्यांना' म्हणजे नक्की कुणाला? शर्मिला म्हणाली, "ते बाबांना विचारू नका. त्यांचा विश्वास नाही." हॅनाने काकांकडे पाहिलं. तुम्हाला काही सांगायचंय का, मिस्टर मयेकर?

"अंडी लगेच गार पाण्यात टाका," काका म्हणाले, "नाहीतर कवच धड निघत नाही."

हॅना हसली. तिने जे काय लिहिलं असेल ते लिहिलं, पण पुढच्या मंगळवारी घरी सोडायचं ठरलं. शर्मिलाने केअर होमला फोन करून खोली नको म्हणून कळवलं. तो फोन करताना ती माझ्याकडे पाठ करून उभी होती.

त्याच आठवड्यात मिलिंदची नोकरी बदलली आणि आम्ही लंडनमध्ये एजवेअरला राहायला गेलो, त्यामुळे त्या मंगळवारनंतर काकांना मी पाहिलं नाही. फोन व्हायचे, भेटायला जायचं मात्र राहूनच गेलं. ते त्या घरात आणखी दीड वर्ष राहिले, आणि एका सकाळी आपल्याच पलंगावर गेले. शर्मिलाने कळवलं तेव्हा ती शांत होती. त्यांना हवं होतं तिथे गेले, एवढंच म्हणाली, आणि फोनवर आम्ही दोघी रडलो.

मला दिसतात ते त्या मंगळवारचे काका. आम्ही त्यांना गाडीतून आणलं. दारापाशी शर्मिला एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने दंड धरायला गेलो, तर त्यांनी दोघींना कोपराने बाजूला सारलं. पायरी चढले, किल्ली लावली, आत गेले. डाव्या भिंतीवर पंजा टेकला आणि तसेच उभे राहिले. किती वेळ कोण जाणे. सहा आठवडे बंद असलेलं घर, भिंत गारच असणार. मग वळून आमच्याकडे बघितलं, की या दोघी अजून इथे का, आणि म्हणाले, "जा आता. मला कामं आहेत." दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. शर्मिलाने डोळे पुसले आणि म्हणाली, "थँक यूसुद्धा नाही म्हटला." आम्ही दोघी पायरीवर उभ्या राहून हसत सुटलो. कुणी आपल्या तोंडावर दार लावावं आणि आपल्याला इतकं बरं वाटावं, असं माझ्या आयुष्यात त्या एकदाच झालं.